गाळलेल्या ओळी

रविवारी प्रार्थनाघरात जे झालं त्याबद्दल घरात आठवडाभर कोणी चकार शब्द काढला नाही. हे या घराचं जुनंच वळण. ज्या गोष्टीवर बोलायलाच हवं ती आधी नीट मुरू द्यायची, आणि मुरली की शनिवारी दुपारी, ताटं उचलल्यावर, टेबलाशी बसून सगळ्यांनी एकमेकांना बोलून घ्यायचं. मागचा जिना पाडायचा की ठेवायचा हेही असंच ठरलं होतं. त्या दिवशी धाकट्या मुलाने, सुताराने, टेबलावर आपटलेलं ताट अजून वाकडं आहे आणि ते नेमकं त्यालाच वाढलं जातं.

या शनिवारी टेबलाशी चौघंच होती. सुताराची बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती, ते एका परीने बरंच झालं. खिडकीकडे पाठ करून वाचक बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला त्यांची थोरली सून, समोर मुलगी, आणि दारापाशी, कधीही उठून जाता येईल अशा बेताने, धाकटा मुलगा.

वाचक हे त्यांचं नाव नव्हे, काम. मंडळींत प्रत्येक घराकडे देवाचं एक काम असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहतं. कुणाकडे दिवे, कुणाकडे पाणी, कुणाकडे आजाऱ्यांची विचारपूस. या घराकडे दोन कामं होती, वाचन आणि बाकं. दर रविवारी उंच मेजाशी उभं राहून ग्रंथातला एक भाग मोठ्याने वाचायचा. सगळा ग्रंथ संपायला सात वर्षं लागतात, आणि संपला की पुन्हा पहिल्या पानापासून. वाचकांनी तीस वर्षांत चार वेळा संपवला होता आणि पाचव्यांदा सुरू करून दोन वर्षं झाली होती. बाकं सुताराकडे. तो प्रार्थनेत बसला की त्याचं लक्ष शब्दांकडे नसे, कोणाच्या वजनाने कुठला सांधा कुरकुरतो तिकडे असे. ‘देवाला माझ्या हातचं लाकूड चालतं, माझं तोंड चालत नाही,’ असं तो हसत म्हणायचा. खरं म्हणजे ते त्याला थोडं लागलेलं होतं.

आणि रविवारी झालं ते असं. वाचक वाचत होते. थोरली नेहमीप्रमाणे त्यांच्या शेजारी उभी होती. त्यांचे हात थरथरतात म्हणून गेली सहा वर्षं पानं तीच उलटायची, आणि मंडळींतल्या बायका आपापल्या सुनांना तिचं उदाहरण देऊन वैताग आणायच्या. त्या दिवशी पान संपलं आणि थोरलीने ते उलटलंच नाही. ती ऐकत राहिली. वाचकही थांबले नाहीत. पुढचं अख्खं पान आणि त्याच्या पुढचं अर्धं त्यांनी न अडखळता म्हणून टाकलं, समोर मागचंच पान उघडं असताना. पहिल्या बाकावर बसणाऱ्या निवृत्त पोस्टमनने हे पाहिलं. चाळीस वर्षं लोकांचे पत्ते वाचलेला माणूस तो, त्याच्या नजरेतून काय सुटणार? त्याने मंडळींच्या प्रमुखांना सांगितलं, आणि प्रमुखांनी निरोप पाठवला की घरात काय ते बोलून घ्या आणि येत्या रविवारी मला सांगा.

विषयाला तोंड फोडलं ते मुलीने. ती शाळेत शिकवायची, म्हणून घरात तिला मास्तरीणच म्हणत, आणि कोणी चिडून म्हटलं तरी ती ओ द्यायची. दोन गल्ल्या सोडून शाळेने दिलेल्या एका खोलीत ती एकटी राहायची. दर शनिवारी जेवायला यायची, संध्याकाळी डबा घेऊन परत जायची. डबा भरताना थोरली विचारायची, अजून घालू का, आणि ती म्हणायची, एकटीला किती लागतं.

“बाबा, तुम्हाला किती दिसतं?” तिने विचारलं.

वाचकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जाड भिंगांचा तो चष्मा सहा वर्षं निव्वळ शोभेला होता. कडेचं थोडं दिसतं, त्यांनी सांगितलं. माणूस आला-गेला कळतं, दार कुठे आहे ते कळतं, पायरी कळते. मधोमध काही नाही. जिकडे बघावं तिथे नेमकं नाही. अक्षर तर थोरला गेला त्या वर्षीच दिसेनासं झालं. तापाने आठ दिवसांत गेलेला तो मुलगा, सुताराचा आणि मास्तरणीचा मोठा भाऊ, आणि या टेबलाशी मान खाली घालून बसलेल्या बाईचा नवरा.

मग वाचता कसे, हे विचारायची गरजच नव्हती. तरी मास्तरणीने विचारलं, कारण उत्तर माहीत असलेले प्रश्न विचारणं हा तिचा धंदाच होता. दर शनिवारी चार वाजता सूनबाई त्यांच्या खोलीत ग्रंथ घेऊन येते. उद्याचा भाग तीनदा वाचते. निम्मा त्यांना आधीच पाठ असतो, उरलेला बसतो. मग ते म्हणून दाखवतात आणि ती चुका सांगते. एवढंच.

सुताराला यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्याला बापाचा अभिमानच वाटला. आपण एक माप लिहून ठेवल्याशिवाय फळी कापत नाही आणि हा सत्तरीतला माणूस पानंच्या पानं डोक्यात ठेवतो. “मग बिघडलं कुठे?” तो म्हणाला. “देवाला पाठ केलेलं चालत नाही असं कुठे लिहिलंय? उद्या प्रमुखांना सरळ सांगू, दिसत नाही पण येतं. विषय संपला.” आणि तो उठायलाही लागला. वाचकांची मान जरा वर झाली.

“बस खाली,” मास्तरीण म्हणाली. “माझं झालेलं नाही.”

तिने पिशवीतून आपली ग्रंथाची प्रत काढली. लहान, मऊ झालेली, शाळेत असताना बक्षीस मिळालेली. चौथ्या बाकावर बसून ती दर रविवारी त्यात बोट ठेवून वाचन ऐकायची, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावरून सुतार तिला चिडवायचाही, की रविवारीसुद्धा हिला तपासायला वही लागते. तिने प्रत उघडून पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. सहा वर्षांत अकरा जागा. कुठे दोन ओळी, कुठे चार, एकदा तर सात. तेवढ्या गाळून वाचन पुढे गेलं होतं. पहिल्यांदा तिला वाटलं चुकून झालं असेल. पाचव्यांदा तिने खूण करायला सुरुवात केली आणि आधीच्या आठवून भरल्या.

ती जे म्हणत होती त्याचं वजन सुतारालाही कळलं. वाचन हाती घेताना वाचक मंडळींसमोर ग्रंथावर हात ठेवून शब्द देतो: एक अक्षर गाळणार नाही, एक अक्षर पदरचं घालणार नाही. बाकी सगळं चालतं. आवाज बसला चालतो, खोकला चालतो, अडखळलेलं चालतं. हे चालत नाही.

सुतार परत बसला. वाकड्या ताटाची जागा रिकामी होती तिथे त्याने हात ठेवला. क्षणभरापूर्वी तो बापाच्या बाजूचा होता, आता त्याला बहिणीचं म्हणणं पटायला लागलं होतं आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. शेवटी तोच हळू आवाजात म्हणाला की वय झालं की विसरायला होतं, त्यात बाबांचा दोष नाही, पण मग आता थांबायला हवं. मास्तरणीने मान डोलावली. तिने सगळं ठरवूनच आणलं होतं. उद्यापासून ती वाचेल. आवाज चांगला आहे, सवय आहे, वाचन घरातच राहील. बाबांना आराम. प्रमुखांना काय सांगायचं तेही तिने कागदावर लिहून आणलं होतं, शुद्धलेखनासकट.

थोरलीला आराम द्यायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही, कारण ती काही काम करते असं कोणी धरलंच नव्हतं.

ती टेबलावरचा एक पाण्याचा थेंब बोटाने पसरवत बसली होती. या घरात तिला कोणी कधी टाकून बोललं नव्हतं. सासू होती तोवर सासूने जीव लावला, आता जाऊ मोठेपणाचा मान देते, दीर कधी आवाज चढवत नाही. पण सहा वर्षांत एक गोष्ट तिला हळूहळू कळत गेली होती. ती सकाळी उठली नाही तरी घर चालेल. चहा जाऊबाई करेल, पाणी दीर भरेल, मुलं ज्यांची त्यांच्याकडे जातील. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर माहेरचे न्यायला आले होते तेव्हा ती गेली नाही, आणि का गेली नाही हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आठवड्यातून फक्त एक तास असा होता की ती नसली तर एक माणूस अडला असता. शनिवारी चार ते पाच. त्या तासासाठी ती साडी बदलायची. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि यावं असंही तिला वाटत नव्हतं.

आता तो तास जाणारच होता. गप्प बसलं तर बाबा विसराळू ठरून बाजूला होतील, आणि सगळे तिच्याशी पूर्वीसारखेच चांगले वागतील. बोललं तर तिने ग्रंथाला हात लावला हे कळेल. ज्या माणसाने शब्द दिला होता त्याचा शब्द तिने मोडला, तोही सहा वर्षं, शेजारी उभं राहून. मग या टेबलाशी बसायला तरी जागा राहील की नाही, तिला माहीत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात सवातीन झाले होते. तिने वाचकांकडे पाहिलं. आपण विसरायला लागलो असं लेकरांनी आपल्या तोंडावर ठरवलेलं तो म्हातारा मुकाट्याने ऐकून घेत होता. ते तिला बघवेना.

“बाबा काही विसरले नाहीत,” ती म्हणाली. “त्या ओळी मी गाळल्या.”

मास्तरणीने विचारलं, म्हणजे काय. थोरलीने सांगितलं. वाचून दाखवतानाच ती तेवढं सोडून द्यायची. बाबांना पान दिसत नव्हतं, त्यांना कळायचा प्रश्न नव्हता. अकराच्या अकरा जागा तिने गाळल्या होत्या.

“कुठल्या जागा ते बघा ना, वन्सं,” ती म्हणाली. “सगळ्या एकाच तऱ्हेच्या आहेत.”

मास्तरणीला बघायची गरज नव्हती. तिला त्या पाठ होत्या. ज्यांची मुलं त्यांच्याआधी गेली त्यांच्याबद्दलच्या त्या ओळी होत्या. थोरला गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी नेमका तसला भाग आला होता, आणि आदल्या दिवशी खोलीत बसून वाचताना थोरलीची नजर त्या ओळींवर गेली. समोर बाबा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून बसले होते. यांना हे स्वतःच्या तोंडाने चारचौघांत म्हणावं लागेल, तिच्या मनात आलं. तिने पुढची ओळ वाचली. एकदा सोडल्यावर पुढच्या वेळी सोडणं सोपं गेलं.

“तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून,” ती सासऱ्यांना म्हणाली. “दुसरं काही नव्हतं मनात.”

सुताराला वाटलं वाचक आता चिडतील, आणि त्यांनी चिडावं असंही त्याला वाटलं, कारण चिडणं त्याला समजायचं. पण ते चाचपडत चष्मा शोधायला लागले, जणू तो घातल्यावर सूनबाई नीट दिसणार होती.

“अगं, मला माहीत होतं,” ते म्हणाले.

थोरलीला काही कळेना.

“तू वाचून दाखवायला यायच्या आधी चोवीस वर्षं मी तेच वाचत होतो. त्या ओळी मला झोपेत येतात. तू पहिल्यांदा सोडल्यास तेव्हाच कळलं. म्हटलं, हिच्या तोंडून निघत नाहीयेत. हिचा नवरा गेलाय, हिला हे वाचायला लावतोय मी. मग मीही सोडल्या. दुसऱ्या दिवशी मेजाशी तू शेजारी उभी असणार, तुझ्यासमोर कशा म्हणायच्या?”

“मी तुमच्यासाठी सोडल्या,” थोरली म्हणाली.

“आणि मी तुझ्यासाठी.”

सहा वर्षं दोघं आठवड्यातून एक तास समोरासमोर बसली होती आणि त्या तासात जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं त्यांनी वाचलं होतं. आता दोघांना एकमेकांकडे बघता येत नव्हतं. वाचकांना तर दिसतच नव्हतं, पण त्यांनीही मान वळवली. सुताराने उगाच उठून सगळ्यांच्या पेल्यांत पाणी ओतलं, भरलेल्या पेल्यांतही.

मास्तरीण रडत होती. घरात हे कोणी फारसं पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे काय करावं कोणाला सुचेना. तिचा राग आधी तिला स्वतःलाच कळला नव्हता. तिला वाटत होतं आपण नियमासाठी भांडतोय, शब्दासाठी, प्रमुखांपुढे घराची मान खाली जाऊ नये म्हणून.

“तुम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळलंत,” ती म्हणाली. “चांगलं केलंत. माझाही तो भाऊ होता, वहिनी. माझ्यासाठी कोणी काही गाळलं नाही आणि कोणी काही वाचलंही नाही. मी चौथ्या बाकावर बसायचे आणि वाट बघायचे. आता येतील त्या ओळी, आता बाबा म्हणतील. मला ऐकायच्या होत्या त्या. दुखवणाऱ्या ओळी नाहीत त्या, नीट वाचल्या असत्यात तर कळलं असतं. अकरा वेळा मी त्या एकटीने, मनातल्या मनात वाचल्यात. बाबा पुढे गेलेले असायचे आणि मी मागेच.”

थोरलीने त्या ओळी खरंच कधी शेवटपर्यंत वाचल्या नव्हत्या. सुरुवात दिसली की तिची नजर खाली उडी मारायची. हे तिने कबूल केलं तेव्हा मास्तरणीला राग यायला हवा होता, पण ती नाक पुसत हसली. वर्गातली मुलं असंच करतात, ती म्हणाली, कठीण आलं की पान उलटतात. सुतार खाली बघत म्हणाला की मला तर तसल्या ओळी आहेत हेच माहीत नव्हतं, आणि मग मुद्दाम कोणीतरी आपल्याला हसावं म्हणून म्हणाला की चौथ्या बाकाचा डावा पाय सहा वर्षांत दोनदा का ढिला झाला ते आत्ता कळलं, त्यावर बसून बाई पाय हलवत रडायची. मास्तरणीने त्याला गप्प बस म्हटलं. त्याने ते आनंदाने ऐकलं.

त्यानंतरचं बोलणं आवाज न चढवता झालं. वाचकांनी सांगितलं की शब्द मोडला तो त्यांनीच, सूनबाईने कसलाच शब्द दिला नव्हता. उद्या ते स्वतः मंडळींसमोर उभे राहून सांगतील आणि वाचन सोडतील. त्यासाठी कागदावर लिहून आणायची गरज नाही. मास्तरणीने तो कागद पिशवीत परत टाकला. पुढचा वाचक कोण हे त्यांनी तिलाच विचारलं. ती बराच वेळ प्रतीच्या कडांवरून अंगठा फिरवत राहिली.

“मी आठवडाभर चाळीस पोरांना वाचून दाखवते,” ती म्हणाली. “तिथे मी ओळ गाळत नाही. इथे मला वाचायचं नाही बाबा, मला ऐकायचंय. वहिनीला वाचू दे.”

थोरली नको म्हणाली. तिने एका माणसासाठी वाचलं होतं, दीडशे माणसांसाठी नाही. तिचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जायचा नाही. आणि जिने गाळलं तिनेच वाचायचं, हे लोक काय म्हणतील? वाचक म्हणाले की लोक काय म्हणायचं ते म्हणतील. पण कुठलीही ओळ न गाळणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं मंडळींत दुसऱ्या कोणाला कळणार नाही. सुताराने प्रार्थनाघराच्या भिंतीत आवाज कसा घुमतो ते सांगितलं, मेज दोन हात पुढे ओढून दिलं की शेवटच्या बाकापर्यंत पोचेल, आणि ते काम त्याचं. कोणाच्या तरी मदतीला आपलं लाकूड आलं याचं त्याला बरं वाटलं असावं, कारण तो जेवल्यापासून पहिल्यांदाच मागे टेकून बसला.

“आणि तुम्ही काय करणार?” थोरलीने सासऱ्यांना विचारलं. तिला खरंच भीती वाटली होती, की हा माणूस उद्यापासून घरात खुर्चीवर बसून राहील.

“मी दाराशी उभा राहीन,” ते म्हणाले. “येणाऱ्याला आत घेईन. तेवढं दिसतं मला.”

दाराचं काम मंडळींत कोणाच्याच घराकडे नव्हतं. दार उघडंच असायचं, त्याला माणूस कशाला लागतो? सुतार तसं म्हणणारही होता, पण मास्तरणीने टेबलाखालून त्याला पाय मारला. तिला उद्याचा भाग माहीत होता.

रविवारी वाचकांनी सांगायचं ते पाच वाक्यांत सांगितलं. कोणी उठून गेलं नाही. पोस्टमन आपल्या बुटांकडे बघत राहिला. प्रमुख काही बोलणार होते तोवर म्हातारा भिंतीचा आधार न घेता, दोन्ही बाजूंच्या बाकांमधून सरळ चालत दारापर्यंत गेलाही होता आणि उशिरा आलेल्या एका बाईला कुठे जागा आहे ते सांगत होता. जागा तिला आधीच दिसली होती, तरी ती त्यांनी दाखवली तिथेच जाऊन बसली.

थोरली मेजाशी गेली. सहा वर्षं ती तिथे उभी राहिली होती, पण बाजूला. मधोमध उभं राहिल्यावर तिला पहिल्यांदा कळलं की इथून कोणाचाच चेहरा नीट दिसत नाही. नुसती माणसं दिसतात, खूप, आणि सगळी दूर. शेजारी कोणी नव्हतं. नवरा गेल्याच्या दिवशीही तिला इतकं एकटं वाटलं नसेल, त्या दिवशी निदान घरात गर्दी होती. तिने वाचायला सुरुवात केली. आवाज सुरुवातीला खरोखरच पहिल्या बाकावर पडला, मग सुताराने पुढे ओढलेल्या मेजाने म्हणा, तो जरा पुढे सरकला. पानाच्या मध्यावर त्या ओळी आल्या. तिची नजर सवयीने खाली उडी मारायला निघाली. तिने ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच दाबून धरलं.

“ज्याचं मूल त्याच्याआधी गेलं, त्याच्या दाराशी मी उभा आहे,” तिने वाचलं. “त्याने दार उघडलं नाही तरी मी जाणार नाही. तो बोलेल तेव्हा ऐकेन, आणि बोलला नाही तरी ऐकेन. एवढ्यासाठीच मी आलो आहे.”

ती थांबली. थांबायचं नसतं, पण थांबली. चौथ्या बाकावर मास्तरीण प्रत मिटून, मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि तिच्या शेजारी, कधी नव्हे तो, सुतार. कोणीही कुरकुरत नव्हतं, बाकसुद्धा. दाराशी म्हातारा बाहेर तोंड करून उभा होता, त्याचे खांदे तेवढे दिसत होते. मग तिने पुढचं वाचलं, आणि भाग संपला.

घरी परतताना वाचकांनी तिचा दंड धरला. मास्तरीण आपल्या गल्लीपाशी वळली, दोन पावलं जाऊन परत आली, वहिनीच्या हाताला नुसता हात लावून गेली. सुतार हत्यारांची पेटी घ्यायला मागेच राहिला होता. दोघंच उरली तेव्हा थोरलीच्या मनात सकाळपासून असलेली गोष्ट तिने बोलून टाकली. बाबा, आता पाठ करायचं काही राहिलं नाही. माझी तयारी मी माझी करेन. शनिवारी तुम्हाला दुपारी झोप घ्यायला हरकत नाही.

वाचक चालत राहिले. पायरी आली, ती त्यांनी न सांगता ओळखली.

“चार वाजता ये,” ते म्हणाले. “पाठ करायला नको. त्या अकरा जागा राहिल्यात. मला म्हणता येतात, पण सहा वर्षांत मी त्या कोणाच्या तोंडून ऐकल्या नाहीत. एका शनिवारी एकच वाच. घाई करू नको.”

थोरलीने हो म्हटलं. दार उघडता उघडता ती मोजत होती. अकरा शनिवार. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते खूप जास्त होते.